ख्रिसमसचं झाड आणि सुमात्राची दालचिनी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिम टोकाला, ॲपलाचियन डोंगरांत, ॲश, ॲव्हरी, वटॉगा अशा नावांच्या काउंट्या आहेत. तिथल्या उतारांवर शंकूच्या आकारात कातरलेल्या हिरव्या झाडांच्या रांगाच रांगा दिसतात. ही ख्रिसमसची झाडं. या पिकात ओरेगॉननंतर अमेरिकेत याच राज्याचा नंबर लागतो आणि इथली जवळजवळ सगळी झाडं एकाच जातीची असतात: फ्रेझर फर.

पण काही शेतांत, बहुतेक वेळा उताराच्या तळाशी, या रांगा अचानक तुटतात. तिथे नुसतं गवत असतं. वर डोंगर, खाली ओढा, मध्ये जेमतेम लागवडीजोगी जमीन, आणि त्यातलाही एक तुकडा शेतकऱ्याने मोकळा सोडलेला. का? कारण तिथे लावलेलं झाड मेलं. पुन्हा लावलं, तेही मेलं. मग त्याने तो नाद सोडला.

मी या डोंगरांपासून तीनेक तासांवर, रॅलेजवळ राहतो आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. इथल्या शेतीशी माझा संबंध भाजी विकत घेण्यापुरता. पण राज्य विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी काढलेल्या एका माहितीपत्रकात त्या मोकळ्या तुकड्याचं कारण वाचलं आणि त्यातला एक शब्द थेट घरचा निघाला: फायटोप्थोरा. आमच्या वरुडकडे ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्यांच्या पोरांनाही हा शब्द ठाऊक असतो. कुणी डिंक्या म्हणतं, कुणी मूळकूज.

त्या मोकळ्या तुकड्याचा इतिहास शोधायला गेलो, तर तो अमेरिकेच्या बराच बाहेर जातो.

माथ्यावरचं झाड

फ्रेझर फर हे मुळात शेतातलं झाड नाही. ते जंगलात फक्त दक्षिण ॲपलाचियनच्या उंच माथ्यांवर सापडतं. नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी आणि व्हर्जिनिया या तीन राज्यांत, साधारण १,५०० मीटरच्या वर. शेवटच्या हिमयुगात थंडी होती तेव्हा अशी झाडं खालीही पसरलेली होती. हवा तापत गेली तशी ती वर सरकली आणि शेवटी माथ्यांवर अडकली. एकेक शिखर म्हणजे थंडीचं एक बेट. वर धुकं, पाऊस, पातळ आंबट माती, आणि उन्हाळ्यातही गार राहणारी जमीन.

नाव पडलं जॉन फ्रेझर या स्कॉटिश माणसावरून. जन्म १७५०, मृत्यू १८११. लंडनमध्ये कापडाचा व्यवसाय करता करता त्याला झाडांचं वेड लागलं आणि तो अमेरिकेच्या वाऱ्या करू लागला. १७८७ मध्ये तो काही काळ आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर हिंडला. मिशोला त्याची सोबत नकोशी झाली आणि आपले घोडे हरवल्याचं निमित्त करून त्याने फ्रेझरला पुढे पाठवून दिलं, अशी गोष्ट सांगतात. मिशो मागे राहिला आणि झाडाला नाव लागलं फ्रेझरचं.

फ्रेझरचा धंदा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लंडनच्या चेल्सी भागात त्याची नर्सरी होती. अमेरिकेतून बिया आणि जिवंत रोपं आणायची आणि युरोपातल्या हौशी श्रीमंतांना विकायची. रशियाच्या राजघराण्यापर्यंत त्याची गिऱ्हाइकं होती. तेव्हा असे कितीतरी लोक जगभर फिरत होते. १८३३ मध्ये नॅथनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीतून रोपं जिवंत सिडनीपर्यंत पोचवून दाखवली आणि या व्यापाराला पंखच फुटले. चीनचा चहा भारतात आला तो अशाच पेट्यांतून.

रोप जिवंत न्यायचं तर मुळाशी माती हवी. त्या मातीत आणखी काय काय जिवंत आहे, हे बघायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही.

दालचिनीचा मारेकरी

१९२२ साल. डच लोकांच्या ताब्यातल्या सुमात्रा बेटावर दालचिनीची झाडं मरत होती. सालीवर उभे पट्टे पडायचे आणि झाड वाळायचं. रँड्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने त्यामागचा जीव वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं फायटोप्थोरा सिनामोमी. सिनामोमम म्हणजे दालचिनीचं शास्त्रीय नाव. आडनाव मात्र जुनं होतं. अँटन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये बटाट्याचा करपा आणणाऱ्या जीवासाठी ते घडवलं होतं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो 'झाडांचा नाश करणारा'. याच करप्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली.

फायटोप्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही. तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जास्त जवळचं आहे. हे नातं समजलं की तिचं वागणंही समजतं. हा मुळात पाण्यातला जीव आहे. माती उबदार आणि चिंब झाली की त्याचे बीजाणू सुटतात. त्यांना दोन शेपट्या असतात आणि ते मातीच्या कणांमधल्या पाण्यात अक्षरशः पोहतात. मुळाच्या टोकातून जे रस पाझरतात त्यांच्या मागावर जातात, मुळाला चिकटतात आणि आत शिरतात. पाणी आटलं की जाड कवचाचे बीजाणू करून मातीत आणि कुजक्या मुळांत वर्षानुवर्षं पडून राहतात. पुन्हा मूळ आलं, पुन्हा पाणी आलं, की पुन्हा सुरू.

याचं मूळ घर आग्नेय आशियाच्या बाजूला असावं असं मानतात. तिथल्या झाडांना त्याच्याबरोबर राहायची सवय आहे. बाहेर मात्र त्याने हाहाकार केला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९२१ च्या सुमारास जारा नावाच्या मोठ्या वृक्षांची रानं वाळू लागली. कारण म्हणून हाच जीव सिद्ध व्हायला १९६५ उजाडलं. तोवर रानातले रस्ते बांधायला ट्रकच्या ट्रक भरून याच रोगट जागांची खडी आणि माती फिरवली गेली होती. आज तिथल्या रानवाटांवर बूट साफ करायची ठाणी आहेत.

अमेरिकेत तो त्याहून आधी पोचला. १८२० च्या दशकात जॉर्जियात चेस्टनटची झाडं सखल, ओल्या जागी मरू लागल्याच्या नोंदी आहेत. पुढे शतकभरात दक्षिणेच्या सपाट भागांतून चेस्टनट जवळजवळ हटला. तेव्हा कारण कळलं नव्हतं. आज बोट या सिनामोमीकडे जातं. चेस्टनट म्हटलं की अमेरिकेत सगळ्यांना १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात सापडलेला करपा आठवतो, ज्याने अब्जावधी झाडं मारली. कारण तो करपा डोळ्यांसमोर, झाडाच्या खोडावर दिसत होता. मुळाशी चाललेलं मरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं आणि ते बघायला कुणी माती उकरली नाही.

थोडक्यात, फ्रेझर फर माथ्यावर होता आणि त्याचा शत्रू पायथ्याशी येऊन बसला होता. दोघांची गाठ पडत नव्हती, कारण माथ्यावरची माती थंड होती.

माथ्यावरून शेतात

गाठ घालून दिली ती ख्रिसमसने. घरात झाड सजवायची पद्धत मूळची जर्मन. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि जर्मनीत जन्मलेला तिचा नवरा अल्बर्ट सजवलेल्या झाडाभोवती मुलांसह उभे असल्याचं चित्र छापून आलं. दोन वर्षांनी ते थोडं बदलून एका लोकप्रिय अमेरिकन मासिकात आलं आणि ही फॅशन मध्यमवर्गात शिरली. १८५१ मध्ये मार्क कार नावाच्या माणसाने कॅट्सकिल डोंगरातली झाडं तोडून न्यूयॉर्कच्या बाजारात आणून विकली. पुढची पन्नास वर्षं हा धंदा असाच चालला: रानातून तोडायचं, शहरात विकायचं. १९०१ मध्ये न्यू जर्सीतल्या मॅकगॅलिअर्ड नावाच्या शेतकऱ्याने स्प्रूसची २५,००० रोपं लावली. अमेरिकेतली ख्रिसमसच्या झाडांची पहिली शेती म्हणून तिचं नाव घेतात.

नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत ही शेती रुजली ती १९५० च्या दशकापासून. फ्रेझर फर या कामासाठी जणू घडवलेलाच होता. पानं मऊ, वास छान, फांद्या इतक्या ताठ की जड दागिने लटकवले तरी वाकत नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोडल्यावर आठवडे उलटले तरी पानं गळत नाहीत. डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याला तंबाखू आणि कोबीच्या जोडीला नवं पीक मिळालं. १९७१ पासून व्हाइट हाउसच्या मुख्य झाडाचा मान या राज्याला अनेकदा मिळाला.

पण शेती माथ्यावर होत नाही. रस्ता, ट्रॅक्टर, सपाटी, सगळं खाली असतं. म्हणून झाड खाली आलं, १,००० मीटरच्या आसपासच्या जुन्या कुरणांत आणि तंबाखूच्या शेतांत. तिथली माती जास्त चिकण, पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात जास्त उबदार. १९६३ मध्ये कुहलमन आणि हेंड्रिक्स या दोन संशोधकांनी फ्रेझर फरवर फायटोप्थोराची मूळकूज असल्याची नोंद प्रसिद्ध केली. शेती रुजायला लागून फार तर दहा-पंधरा वर्षं झाली होती.

रोगाची खूण अशी. आधी झाडाचा हिरवा रंग फिका, पिवळट होतो. मग एखादी फांदी एकदम लालसर तपकिरी पडते. बुंध्याजवळची साल खरवडली तर आत पांढऱ्याऐवजी दालचिनीसारखा रंग दिसतो. पांढरी मुळं नाहीशी झालेली असतात. वर लक्षण दिसतं तोवर खालचं काम उरकलेलं असतं.

या पिकात हे फार महाग पडतं. कपाशी गेली तर एक हंगाम जातो. फ्रेझर फरचं रोप आधी काही वर्षं नर्सरीत वाढतं, मग शेतात सात ते दहा वर्षं. दर उन्हाळ्यात माणसं हातात लांब सुरे घेऊन एकेक झाड कातरतात. त्यांतली कितीतरी मेक्सिकोतून हंगामी व्हिसावर आलेली असतात. एवढं सगळं होऊन झाड आठव्या वर्षी मेलं, तर आठ वर्षांची मजुरी मातीत जाते. आणि ती मातीही जाते, कारण आता तिथे पुन्हा फर लावता येत नाही. औषधं आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मेटालॅक्सिल आलं, नंतर फोसेटिल. आपल्याकडे रिडोमिल आणि ॲलिएट म्हणून दुकानात मिळतात तीच कुळं. ती रोगाला थोपवून धरतात, पण मातीतून त्याला काढून टाकत नाहीत.

गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, रानातला फ्रेझर फरही सुखात राहिला नाही. युरोपातून आलेला मावा जातीचा एक बारीक किडा १९५७ मध्ये माउंट मिचेलवर सापडला आणि त्याने पुढच्या काही दशकांत माथ्यांवरची मोठी झाडं वाळवून सांगाडे केले. खाली शेतकरी फवारणी करून या किड्याला आवरू शकतो. म्हणजे माथ्यावर किडा आणि खाली मूळकूज. दोन्ही बाहेरून आलेले, दोन्ही जिवंत रोपांच्या व्यापाराची देणगी.

चिखलाचा प्रवास

हा रोग शेतात येतो कसा? विद्यापीठाची माहितीपत्रकं तीच तीच कारणं सांगतात. नर्सरीतल्या रोपाबरोबर. ट्रॅक्टरच्या टायरला लागलेल्या चिखलातून. बुटांवरून. वरच्या शेतातून वाहून येणाऱ्या पाण्यातून. सिनामोमी बाहेरच्या जगात बहुतेक ठिकाणी मोजक्याच वाणांच्या हुबेहूब नकलांनी पसरला आहे. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर त्याच मोजक्या फाइली जगभर कॉपी होत गेल्या आणि त्या कॉपी करणारे आपणच होतो.

२०२४ च्या सप्टेंबरात हेलेन चक्रीवादळ याच डोंगरांवर कोसळलं. माणसं गेली, रस्ते वाहून गेले, दरडींबरोबर काही शेतांतल्या रांगाच्या रांगा खाली आल्या. त्याच वर्षी व्हाइट हाउसचं झाड ॲव्हरी काउंटीतल्या न्यूलँड गावाहून गेलं आणि बातम्यांमध्ये जिद्दीची गोष्ट म्हणून गाजलं. ती जिद्द खरीच होती. पण पुराच्या पाण्याला बांध आणि कुंपण कळत नाही. रोगट शेतातली माती कुणाच्या निरोगी शेतात जाऊन बसली असेल, तर ते आज दिसणार नाही. झाडं चार-पाच वर्षांची होतील तेव्हा दिसेल.

खुंट

यावरचा उपाय शोधण्यात नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातल्या दोन माणसांचं आयुष्य गेलं: रोगशास्त्रज्ञ माइक बेन्सन आणि वृक्षपैदासकार जॉन फ्रॅम्प्टन. आधी त्यांनी फ्रेझर फरमध्येच या रोगाला टिकणारं एखादं झाड सापडतं का ते पाहिलं. हाती फारसं काही लागलं नाही. हजारो वर्षं थंड माथ्यावर राहिलेल्या झाडाला या शत्रूशी लढायची वेळच आली नव्हती. मग त्यांनी जगभरच्या ३२ प्रकारच्या फरची रोपं घेऊन त्यांना मुद्दाम रोग लावला. सगळ्यात चांगला टिकला तो जपानचा मोमी फर. जपानच्या उबदार, दमट, सखल भागांतलं झाड.

पण मोमीचं झाड दिवाणखान्यात कुणी ठेवणार नाही. पानं टोचरी, आकार बेढब, शिवाय वसंतात इतक्या लवकर फुटतं की उशिराच्या थंडीत कोंब जळतात. तेव्हा मुळं मोमीची आणि वर फांदी फ्रेझरची, असं कलम करायचं. ते जमतं. फक्त एकेक कलम हाताने बांधावं लागतं, त्यामुळे साध्या रोपापेक्षा ते बरंच महाग पडतं.

दुसरा रस्ता तुर्कस्तानातून जातो. तिथले दोन फर या रोगाला फ्रेझरपेक्षा बरे तोंड देतात आणि दिसायलाही देखणे आहेत. २०१० मध्ये अमेरिकन आणि डॅनिश संशोधकांनी तिथल्या डोंगरांतून शंकू गोळा केले आणि त्या बियांची झाडं अमेरिकेच्या वेगवेगळ्या राज्यांत लावून पाहिली. त्यातल्या एकाला ट्रोजन फर म्हणतात. प्राचीन ट्रॉय शहराजवळच्या डोंगरात तो वाढतो आणि तो प्रसिद्ध लाकडी घोडा याच झाडाच्या लाकडाचा होता, या समजुतीतून त्याचं शास्त्रीय नावही पडलं. पोटात शत्रू लपवून आत शिरलेल्या घोड्याचं नाव लावणारं झाड, आणि त्याच्याकडून अपेक्षा ही की मातीत लपून आलेल्या शत्रूला त्याने तोंड द्यावं.

वरुडची माती

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मी आधी मराठीत ऐकलं आहे. नागपुरी संत्र्याचं झाडही कलमच असतं. खाली जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. विदर्भात फायटोप्थोराच्या वेगळ्या जाती आहेत, पण रीत तीच. भारी काळी जमीन, पाट फोडून आळ्यात सोडलेलं पाणी, खोडाला भिडलेला ओलावा, बुंध्यातून ओघळणारा डिंक, पिवळी पडत जाणारी पानं. नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था वर्षानुवर्षं जे सांगते तेही तेच: पाण्याचा निचरा करा, दुहेरी आळं करा म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही, डोळा जमिनीपासून वीतभर उंच असलेलं कलम घ्या, खोडाला बोर्डो पेस्ट लावा, आणि रोगमुक्त नर्सरीतूनच कलमं आणा.

आमच्या आजोबांची तीन एकरांत सव्वातीनशे झाडं होती, जंबेरीवरची. कलमं जवळच्याच एका नर्सरीतून आणलेली. मी शाळेत असताना ती तीन-चार वर्षांत गेली. शेवटची झाडं तोडली त्या दिवशी आजोबा एवढंच म्हणाले, "झाड नाही गेलं बाप्पा, जागा गेली." तेव्हा ते वाक्य मला म्हातारपणाचं वाटलं होतं. आज कळतं की रोगशास्त्राची पुस्तकंही यापेक्षा नेमकं सांगत नाहीत.

इतिहास आपण दिसणाऱ्या गोष्टींचा लिहितो. झाड, त्याला नाव देणारा माणूस, राणीचं चित्र, व्हाइट हाउस. पण या दोनशे वर्षांत जगभर सगळ्यात शांतपणे फिरली ती मुळाशी चिकटलेली मूठभर माती. तिची पावती कुणी फाडली नाही, कस्टमने अडवलं नाही. आणि ती जिथे पोचली तिथे पुढच्या पिढीने काय लावायचं, हे तिनेच ठरवलं.

त्या तीन एकरांत सध्या कपाशी आणि तूर असते. यंदा बाबांना पुन्हा संत्रा लावायचा आहे. गेल्या रविवारी फोनवर आम्ही तासभर यावरच बोललो. मी त्यांना मोमी फरची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. या वेळी रंगपूर खुंट घ्यायचा, गादीवाफ्यावर लागवड करायची आणि ठिबक खोडापासून लांब ठेवायचं, इथपर्यंत आमचं जमलं. उरला प्रश्न नर्सरीचा. बाबा म्हणाले, कलमं घेण्याआधी मी चार पिशव्या फाडून मुळं बघणार, नर्सरीवाल्याला राग आला तरी चालेल.